तालमीची वही आणि सरलेले वर्ष

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा वार्षिक निवेदनाचा कच्चा मसुदा मिळाला. नाट्यशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष संपल्यावर विभागाला जे आत्मपरीक्षणपर निवेदन द्यावे लागते, त्यात नेमके काय लिहावे, असे तू विचारले आहेस. मसुद्यात तू वर्षभरातली कामे क्रमाने मांडली आहेत : स्वतः दिग्दर्शित केलेले नाटक, सहाध्यायांच्या नाटकांसाठी केलेली प्रकाशयोजना आणि रंगमंच-व्यवस्थापन, चर्चासत्रांत वाचलेले निबंध, पदवीच्या विद्यार्थ्यांचे घेतलेले तास. यादी खरी आहे, नीटनेटकी आहे आणि कार्यालयाच्या फायलीला पुरेल. मात्र वर्षारंभी आलेली तू आणि हे पत्र लिहिणारी तू यांच्यात काय फरक पडला, हे त्या यादीवरून कळत नाही. मला वाटते, तुलाही ते अजून पुरते उमगलेले नाही, म्हणूनच तू यादीचा आधार घेतलास.

माझी सूचना एकच आहे. हे निवेदन आठवणीतून लिहू नकोस, तालमीच्या वहीतून लिही. पुढे जे लिहिते आहे ते सारे याच सूचनेचे स्पष्टीकरण आहे.

नाटकवाल्यांच्या आठवणीवर फार विसंबू नये. प्रयोगाची रात्र तिच्याआधीच्या सगळ्या तालमी गिळून टाकते. टाळ्या पडल्या की आपण घेतलेला प्रत्येक निर्णय आरंभापासूनच ठरलेला होता असे वाटू लागते, आणि प्रयोग पडला तर प्रत्येक निर्णय आरंभापासून चुकलेला वाटतो. दोन्ही वेळा खरा इतिहास हरवतो. एखादी हालचाल मुळात खुर्ची अडचणीच्या जागी होती म्हणून आलेली असते, आणि महिन्याभराने तिचे श्रेय पात्राच्या मानसिकतेच्या आपल्या सखोल आकलनाला दिले जाते. यात लबाडी नसते, स्मृतीचे कामच तसे चालते. पण तू संशोधनाची पदवी घेते आहेस, तेव्हा घडलेली गोष्ट आणि नंतर रचलेली गोष्ट यांतला फरक ओळखणे तुझ्या अभ्यासाचा भाग आहे. तो फरक दाखवणारी साधने तुझ्याकडेच आहेत : तालमीची वही, व्यवस्थापकाची प्रॉम्प्ट-प्रत (हालचाली आणि इशारे नोंदलेली संहिता), काटछाट केलेल्या संहितेची एकामागून एक झालेली रूपे, नेपथ्यकाराची पहिली कच्ची रेखाटने, प्रकाशाच्या क्यूंचे, म्हणजे दिवे कधी बदलायचे त्या इशाऱ्यांचे, तक्ते.

अशा कागदांचे मोल किती असते याचे एक उदाहरण तुझ्या अभ्यासातलेच आहे. मॉस्को आर्ट थिएटरने १८९८ मध्ये रशियन नाटककार चेखवचे ‘सीगल’ हे नाटक रंगमंचावर आणले, तेव्हा त्या संस्थेचा एक संस्थापक आणि दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीने मॉस्कोपासून दूर बसून त्याचा सविस्तर प्रयोग-आराखडा लिहिला. तो तेथून अंकाअंकाने पाठवत होता आणि इकडे दुसरा संस्थापक नेमिरोविच-दान्चेन्को त्यावरून तालमी घेत होता. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला कंदिलाचा मंद उजेड, दूरवरून येणारे दारुड्याचे गाणे, कुत्र्याचे रडणे, बेडकांचे डरकणे, चर्चच्या घंटेचा संथ टोल, असे सारे त्या आराखड्यात नोंदलेले आहे. नाटक आपल्याला नीटसे समजलेले नसतानाच आपण तो आराखडा लिहिला, असे पुढे स्तानिस्लाव्स्कीनेच सांगितले. आराखड्याचा कागद उरला म्हणूनच आज आपण म्हणू शकतो की, आकलनाच्या आधी तपशील आला आणि तपशिलाने आकलनाला वाट करून दिली. केवळ आठवणी उरल्या असत्या, तर हा क्रम उलटा सांगितला गेला असता.

त्याच तालमींमधली आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. रंगमंचामागून येणारे बेडकांचे आणि कुत्र्यांचे आवाज चेखवला रुचले नाहीत; रंगभूमी ही कला आहे, तिथे असे अनावश्यक तपशील नकोत, असा त्याचा आक्षेप होता. हे संभाषण ज्याने टिपून ठेवले तो तरुण नट मेयरहोल्ड. त्या प्रयोगात तो त्रेपलेव या तरुण लेखकाची भूमिका करत होता. पुढे १९०२ मध्ये त्याने ती संस्था सोडली आणि वास्तववादी रंगभूमीच्या विरुद्ध दिशेला जाणारे सारे काम उभे केले. एकाच तालमीत बसलेल्या माणसांनी तिथून अगदी वेगवेगळ्या गोष्टी घरी नेल्या. तेव्हा या वर्षात तू काय स्वीकारलेस याबरोबरच कशाला नकार दिलास, हेही शोध. एखाद्या शिक्षकाची तालीम घेण्याची पद्धत तुला मनातून पटली नसेल, एखाद्या गाजलेल्या प्रयोगात तू अवघडून बसली असशील. अशा नकारांची कारणे बहुधा अर्धवट असतात, पण अभ्यासाचा विषय बऱ्याचदा तिथूनच निघतो. तुझ्या मसुद्यात सगळेच तुला आवडलेले दिसते, आणि त्यावर माझा विश्वास बसत नाही.

आता वही कशी वाचायची ते सांगते.

प्रथम सूचनांची पुनरावृत्ती पाहा. तू नटांना दिलेल्या सूचना तारखेनुसार लिहिलेल्या आहेत. त्यांतली एकच सूचना वेगवेगळ्या नटांना, वेगवेगळ्या प्रवेशांत पुन्हा पुन्हा दिलेली सापडली, तर ती नटांविषयी कमी आणि तुझ्याविषयी अधिक सांगते. ‘आणखी ऊर्जा हवी’ हे वाक्य अशा वह्यांमध्ये फार आढळते. ते लिहिले जाते तेव्हा बहुतेक वेळा दिग्दर्शकाला त्या प्रवेशात कोणाला काय हवे आहे हे ठरवता आलेले नसते, आणि न ठरवलेल्या गोष्टीची भरपाई नटाने जोर लावून करावी अशी त्याची अपेक्षा असते. ‘इथे तू जास्त दुःखी दिसायला हवीस’ ही सूचना परिणामाची आहे. ती ऐकून नटी चेहरा पाडते आणि आवाज खाली आणते, दुसरे काही तिच्या हातात नसते. ‘तो खोलीतून बाहेर पडणार नाही असे काहीतरी कर’ ही सूचना कृतीची आहे. ती ऐकून नटी उठते, दाराकडे जाते, विषय बदलते, त्याची वस्तू लपवते, आणि या खटपटीत दुःख आपसूक दिसू लागते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९३० च्या दशकात, स्तानिस्लाव्स्की शारीरिक कृतींवर एवढा भर का देऊ लागला, याचे उत्तर तुझ्याच वहीतल्या या दोन प्रकारच्या वाक्यांच्या अंतरात आहे. वर्षाच्या आरंभीच्या पानांत परिणामाच्या सूचना किती होत्या आणि शेवटच्या पानांत कृतीच्या किती झाल्या, हे पाहा. प्रमाण बदलले असेल, तर तेच तुझे वर्ष. बदलले नसेल, तर तेही तसेच लिही.

मग तालमींचे वेळापत्रक काढ. जवळजवळ प्रत्येक नवा दिग्दर्शक पहिल्या अंकाची तालीम गरजेपेक्षा अधिक घेतो, कारण रोज आरंभापासून सुरुवात करणे सोयीचे असते. शेवटच्या अंकाला उरलेला वेळ मिळतो, आणि त्यातलाही बराच भाग तांत्रिक तालमीत, म्हणजे प्रकाश-ध्वनी जुळवण्यात, जातो. प्रेक्षकाला मात्र घरी जाताना शेवटचा अंक आठवतो. तुझ्या नाटकाचा शेवट घाईचा वाटला, असे परीक्षकांनी लिहिले आहे आणि तू त्याचे कारण संहितेत शोधते आहेस. आधी वेळापत्रक पाहा.

एका प्रवेशाविषयी मला स्वतंत्रपणे लिहायचे आहे. तुझ्या नाटकातला पत्रवाचनाचा प्रवेश मी पहिल्या प्रयोगातही पाहिला आणि शेवटच्या प्रयोगातही. धाकटा भाऊ पत्र वाचतो आणि थोरली बहीण ऐकते, एवढेच त्यात घडते. पहिल्या प्रयोगात सगळे प्रेक्षक वाचणाऱ्याकडे पाहत होते आणि पत्रातला मजकूर लक्ष देऊन ऐकत होते. शेवटच्या प्रयोगात त्यांची नजर बहिणीवर खिळली होती. पत्रात काय लिहिले आहे, यापेक्षा तिला ते कुठवर ठाऊक होते हा प्रश्न सभागृहात उभा राहिला होता. संवाद तेच होते, नटही तेच. मग बदल कशाने झाला? पहिल्या प्रयोगात ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि शेवटी तिचे हात थांबलेले होते, एवढे मला दिसले. भावावरचा उजेड किंचित उतरवला होता का? खुर्चीची दिशा बदलली होती का? त्याच्या वाचण्याचा वेग कमी झाला होता का? की प्रयोग होता होता त्या नटीनेच ऐकण्याची जागा शोधली आणि तुला ते नंतर कळले? माझ्या आसनावरून याचा उलगडा होणे शक्य नव्हते. तुझ्या वहीत, क्यूंच्या तक्त्यात आणि व्यवस्थापकाच्या प्रयोग-नोंदींत तो होऊ शकेल. तुझ्या मसुद्यात या प्रवेशाचा साधा उल्लेखही नाही. माझ्या मते वर्षभरात तुझ्या हातून झालेले सर्वांत महत्त्वाचे काम तेच आहे, आणि तू ते का वगळलेस याचे मला कुतूहल आहे.

आता वाचनाविषयी. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा दिवस दोन तुकड्यांत विभागलेला असतो : सकाळी चर्चासत्र, संध्याकाळी तालीम. वर्ष सरते तरी या दोन तुकड्यांची भेट अनेकांच्या बाबतीत होतच नाही. सकाळी जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेख्तवर बोलायचे आणि संध्याकाळी ‘इथे जरा प्रेक्षकांकडे बघून बोल’ असे सांगून त्याला ब्रेख्तचा दुरावा-परिणाम (ओळखीची गोष्ट अनोळखी करून दाखवण्याचे तंत्र) म्हणायचे, ही भेट नव्हे. प्रेक्षकांशी थेट बोलणे संस्कृत नाटकातल्या सूत्रधारालाही ठाऊक होते आणि शेक्सपिअरच्या खलपात्रांनाही. १९३५ मध्ये मॉस्कोत चिनी नट मेइ लानफांगचा अभिनय पाहिल्यावर ब्रेख्तने त्याविषयी जे लिहिले, त्यात त्याचे लक्ष वेधले होते ते नट स्वतःच्या अभिनयाकडे कसा पाहतो आणि सवयीची कृती अनोळखी करून कशी दाखवतो, याकडे. ते तालमीत उतरवायचे असेल तर नटाला वेगळ्या प्रकारचे काम द्यावे लागते. तेव्हा स्वतःला एक कठोर प्रश्न विचार : वर्षभर वाचलेल्यांपैकी कोणत्या मजकुरामुळे तालमीतला एखादा निर्णय प्रत्यक्ष बदलला? अशी उदाहरणे मोजकीच निघतील, आणि तेवढीच निवेदनात यावीत. बाकीचे वाचन वाया गेले असे नाही, त्याची वेळ अजून आलेली नाही. ग्रंथनामांची रांग लावून कोणी प्रभावित होत नाही. निवेदन वाचणारी मंडळी ते ग्रंथ स्वतः शिकवत असतात.

तुझ्याकडे असे एक उदाहरण आहे आणि तू ते चुकीच्या शीर्षकाखाली टाकले आहेस. सहाध्यायाच्या नाटकाची प्रकाशयोजना ‘इतर कामे’ म्हणून तू दोन ओळींत आटोपली. त्या काळात मला लिहिलेल्या पत्रात मात्र तू म्हणाली होतीस की, नियंत्रण-कक्षातून, म्हणजे सभागृहाच्या अगदी मागच्या टोकाकडून रोज नाटक पाहिल्यावर, अभिनयाचा कितीतरी भाग तिथवर पोहोचतच नाही हे ध्यानात आले. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापे दिली आहेत, ती तू पहिल्याच सत्रात वाचली होतीस. ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असे मध्यम आकाराचे प्रेक्षागृह तिथे श्रेयस्कर मानले आहे, आणि कारण अगदी व्यवहारी आहे : त्याहून मोठ्या गृहात नटाचा आवाज अस्पष्ट होतो आणि मुखावरचे भाव दिसत नाहीत. म्हणजे अभिनयाचा विचार करणाऱ्या शास्त्राने आधी अंतराचा विचार केला. उलट अॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या सहा घटकांत दृश्याला काव्यकलेशी सर्वांत कमी संबंध असलेला घटक ठरवले. ही दोन मते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शेजारीशेजारी लिहिणे सोपे आहे. पण दिव्यांच्या फळीमागे बसून, समोरच्या नटीच्या डोळ्यांतले पाणी आपल्यापर्यंत पोहोचत नाही हे जिने अनुभवले आहे, तिला या मतभेदाविषयी स्वतःचे काही म्हणता येते. ते म्हण.

दुसऱ्यांच्या नाटकात केलेल्या कामाविषयी आणखी थोडे. दिग्दर्शनाचे विद्यार्थी त्याला वेठ समजतात. माझे मत उलटे आहे. स्वतःच्या नाटकात आपण सतत बोलत असतो. व्यवस्थापकाच्या जागी बसलो की ऐकावे लागते, आणि दिग्दर्शकाची कोणती सूचना नटाच्या कानापर्यंत गेली आणि कोणती हवेत विरली, हे तिथूनच दिसते. नेपथ्यकाराशी तुझे जे बिनसले, तेही याच नजरेने तपास. त्याचे पहिले रेखाटन आणि उभा राहिलेला मंच यांच्यामध्ये ज्या बैठका झाल्या, त्यांत कोणत्या क्षणी कोणती कल्पना गळाली ते पाहा. ती तुझ्या आग्रहामुळे गळाली, पैशांमुळे गळाली की दाराच्या रुंदीमुळे, हे ठरवल्याशिवाय दोघांपैकी कोणाची बाजू घेण्यात अर्थ नाही.

थकव्याविषयी तू बरेच लिहिले आहेस. तांत्रिक तालमींच्या आठवड्यात झोप न होणे हा पराक्रम नव्हे, आणि निवेदनात त्याचे वर्णन नको. पुढच्या वर्षी पदवीचे तास आणि प्रयोगाचा आठवडा एकत्र येणार नाहीत, एवढी व्यवस्था आधीच कर, तेवढे पुरे. सहाध्यायांपैकी कोणाची कुठे निवड झाली हा विषयही या कागदात येऊ देऊ नकोस. त्याचे दुःख खरे आहे, पण त्यातून तुझ्या कामाविषयी काही कळत नाही.

एक धोका मात्र जरा विस्ताराने सांगायला हवा, कारण हुशार विद्यार्थी हमखास त्यात सापडतात. आत्मपरीक्षण लिहा म्हटले की ते कबुलीजबाब लिहितात : माझा अहंकार आडवा आला, मी नटांवर विश्वास ठेवला नाही, मला ऐकायला शिकायचे आहे. वाचणाऱ्याला हे भिडते, आणि लिहिणाऱ्यालाही हलके वाटते. नाटकाची माणसे कागदावरसुद्धा उत्तम अभिनय करतात, आणि पश्चात्तापाची भूमिका तर सर्वांनाच चांगली वठते. पण ‘मी विश्वास ठेवला नाही’ या वाक्यातून पुढच्या तालमीत काय करावे ते कळत नाही. ‘तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी प्रत्येक हालचाल आधीच आखून आणत होते, ज्या दिवशी आखणी न करता गेले, त्या दिवशी पत्रवाचनाच्या प्रवेशात बहीण पहिल्यांदा बसून राहिली’ असे वाक्य वहीत सापडले, तर त्यातून पुढचे वर्ष उभे राहू शकते. पहिले वाक्य तुझ्या स्वभावाविषयी आहे आणि दुसरे तुझ्या कामाविषयी. विभागाने दुसऱ्याची मागणी केली आहे.

नोंद कशी ठेवावी, याचाही आता नव्याने विचार कर. ब्रेख्त आणि त्याची पत्नी, अभिनेत्री हेलेना वायगेल यांनी १९४९ मध्ये बर्लिनर एन्सेम्बल ही नाट्यसंस्था सुरू केली, त्या सुमारास ब्रेख्तची सहकारी रुथ बर्लाऊने प्रयोगांची असंख्य छायाचित्रे काढली. त्यांतून आणि टिपणांतून प्रयोगांची ‘मॉडेल’ पुस्तके तयार झाली. नक्कल व्हावी हा त्यांचा हेतू नव्हता. कोणत्या प्रसंगी कोणता पर्याय निवडला हे दुसऱ्या दिग्दर्शकाला दिसावे आणि त्याने त्यात बदल करावा, अशी अपेक्षा होती. आज प्रत्येक नटाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि तरी आपल्याकडे उरतात ती फक्त रंगीत तालमीची देखणी छायाचित्रे, ज्यांत सगळे निर्णय आधीच झालेले असतात. पुढच्या नाटकाच्या वेळी मधल्या तालमींची, फसलेल्या पर्यायांची छायाचित्रे काढायला सांग, आणि प्रत्येकाखाली तारीख आणि त्या दिवशी प्रवेशात काय बदलले त्याचे एक वाक्य लिही.

निवेदनाची रचना मी अशी सुचवीन. सगळ्या वर्षाचा आढावा घेण्याऐवजी पत्रवाचनाचा तो एकच प्रवेश घे आणि पहिल्या संहितावाचनापासून शेवटच्या प्रयोगापर्यंत त्याचा प्रवास कागदपत्रांच्या आधारे मांड. प्रकाशयोजनेचा अनुभव, नाट्यगृहाच्या मापांचे वाचन, कृतीच्या आणि परिणामाच्या सूचना, नेपथ्यकाराशी झालेला वाद हे सारे त्या प्रवेशाच्या ओघात आपापल्या जागी येईल, आणि जे येणार नाही ते यादी म्हणून परिशिष्टात जाईल. मग त्या प्रवेशातून दुसऱ्या वर्षासाठी एक प्रश्न काढ. मसुद्याच्या शेवटी तू ‘रंगभूमी आणि मौन’ असा विषय दिला आहेस. तो इतका मोठा आहे की त्यावर काहीही लिहिले तरी चालेल, म्हणूनच तो नको. ‘मंचावर एक पात्र बोलत असताना प्रेक्षकाचे लक्ष ऐकणाऱ्या पात्राकडे कशाकशाने वळते’ हा प्रश्न लहान आहे, पण तो तालमीत तपासता येतो. एकच प्रवेश केवळ प्रकाश बदलून, मग केवळ अंतर बदलून, मग केवळ ऐकणाऱ्याच्या हातातले काम काढून घेऊन करून पाहता येईल आणि दर वेळी पाहणाऱ्यांना विचारता येईल. हा प्रश्न तुला तुझा वाटत नसेल तर दुसरा काढ, पण तो याच मापाचा असू दे.

अंतिम प्रयोगासाठी नाटक कोणते निवडावे, असे तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस. त्याचे उत्तर मी आताच देणार नाही. प्रश्न ठरला की नाटकांची निवड आपोआप आटोक्यात येते. ज्यात ऐकणाऱ्या पात्रांना काही काम आहे अशी नाटके फार नाहीत. नाटक आधी पक्के करून मग त्याला साजेसा संशोधनप्रश्न शिवायचा, हा उलटा क्रम अनेक प्रबंधांत दिसतो आणि तो लपत नाही.

नवा मसुदा पाठवताना त्या प्रवेशासंबंधीची वहीची पाने आहेत तशीच पाठव, अक्षर सुधारून पुन्हा लिहू नकोस आणि खोडलेल्या ओळी झाकू नकोस. तुझ्या नाटकाचा प्रकाश जो सहाध्यायी चालवत होता, त्याला तुझी नोंद दाखवण्याआधी विचार की पहिल्या आणि शेवटच्या प्रयोगात त्या जागी त्याने काय बदलले होते. बहिणीची भूमिका करणाऱ्या मुलीलाही वेगळे गाठून तेच विचार. तिघांचे सांगणे जुळले नाही तर मध्यम मार्ग काढू नकोस, तिन्ही लिहून पाठव.

तुझी मार्गदर्शक